नगरच्या वर्गातली यंत्रे आणि माणसे

एबेनेझर बर्जेस हे अमेरिकन मिशनरी 1839 साली मराठी मुलखात आले आणि नगरच्या मिशनमध्ये काम करू लागले. आल्यावर थोड्याच दिवसांत त्यांनी एक काम हाती घेतले. शाळेतल्या मुलांसाठी मराठीत खगोलशास्त्राचे पुस्तक करायचे होते. त्या पुस्तकाच्या तयारीसाठी त्यांनी इथले ज्योतिषग्रंथ उघडले आणि ते त्यातच गुंतत गेले. ग्रहणाचे गणित, अधिकमास, नक्षत्रे हे सारे इथल्या जोश्यांच्या हातात पिढ्यानपिढ्या होते आणि त्यामागे एक पक्के शास्त्र होते. ते नीट समजावून सांगणारे पुस्तक मिळेना, तेव्हा बर्जेस यांनी ते स्वतःच करायला घेतले. विल्यम ड्वाइट व्हिटनी यांच्यासारख्या संस्कृतज्ञाचे साहाय्य त्यांना मिळाले आणि 1860 साली अमेरिकन ओरिएंटल सोसायटीच्या नियतकालिकात ‘सूर्यसिद्धांता’चे सटीप इंग्रजी भाषांतर छापून आले. भारतीय ज्योतिषाचा अभ्यास करणारे लोक आजही ते वापरतात. या सगळ्याचे मूळ मात्र मराठी शाळेच्या एका क्रमिक पुस्तकात होते.

आज अहिल्यानगर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या जिल्ह्यात शिकवण्याची नवी साधने गेली जवळजवळ दोनशे वर्षे येत आहेत. छापील पुस्तक आले, दगडी पाटी आली, रेडिओ, टीव्ही, संगणक, प्रोजेक्टर आणि शेवटी मोबाइल आला. प्रत्येक वेळी आता शिक्षणाचा प्रश्न सुटणार, अशी आशा बांधली गेली. काही साधने खरोखर मुलांच्या कामी आली, काही कपाटात गेली. हा फरक कशामुळे पडला, याचे उत्तर नगरच्या इतिहासात अनेकदा सापडते. साधनाशेजारी तयार माणूस उभा होता की नव्हता, तिथे ते येऊन थांबते.

मिशनच्या आधीही गावोगाव पंतोजींच्या शाळा होत्याच. देवळाच्या ओसरीवर किंवा एखाद्या सधन घराच्या पडवीत त्या भरत. त्या शाळेचे मुख्य साधन म्हणजे धूळपाटी. लाकडी फळीवर विटेची बारीक पूड किंवा माती पसरायची, पंतोजींनी तिच्यावर अक्षर काढायचे आणि मुलाने त्यावरून बोट किंवा काडी फिरवायची. बोट वळणाला सरावले की फळी हलवायची, अक्षर पुसले जाई आणि तेच अक्षर पुन्हा काढायचे. कागद महाग, शाई घरी करायची, चुकलेले पान वाया घालवणे कुणाला परवडणारे नव्हते. धुळीत मात्र हजारदा चुकता येई. संध्याकाळी परवचा म्हणायचा. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी तोंडपाठ झाली की बाजारातला हिशेब बोटावर होई. वरच्या मुलाने खालच्या मुलाला घटवायचे, ही रीतही त्या शाळेत रुळलेली होती.

याच जातीच्या एका साधनाने अठराव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंड गाठले. मद्रासजवळच्या एग्मोर येथे अनाथ मुलांची शाळा चालवणाऱ्या अँड्र्यू बेल यांनी देशी शाळेत मुले वाळूत अक्षरे काढताना पाहिली. ती पद्धत त्यांनी आपल्या शाळेत आणली, मोठ्या मुलांना धाकट्यांचे शिक्षक केले आणि 1797 साली त्यावर पुस्तिका छापली. पुढे इंग्लंडमधल्या हजारो गरीब मुलांनी वाळूत अक्षरे गिरवली. तिकडे गेलेल्या या पद्धतीत एक उणीवही होती. देशी शाळेत पंतोजी प्रत्येक मुलाला ओळखत होता. इंग्लंडमध्ये एकेका दालनात शेकडो मुले बसू लागली आणि शिकवणे कवायतीसारखे झाले.

नगरला अमेरिकन मराठी मिशनचे ठाणे 1831 साली झाले. 1839 मध्ये सिंथिया फॅरार मुंबईहून तिथे आल्या. त्या 1827 साली अमेरिकेतून निघालेल्या अविवाहित शिक्षिका होत्या आणि मुलींच्या शाळा हेच त्यांचे काम होते. नगरमध्ये त्यांनी मुलींना जमवले, शाळा चालवल्या आणि 1862 मध्ये तिथेच देह ठेवला. त्यांच्याकडे साधने कोणती होती? पुस्तके, पाट्या आणि शिवणकाम. त्या काळच्या मुंबई इलाख्यात एवढे सामान इतर ठिकाणीही होते. फॅरारबाईंकडे आणखी एक गोष्ट होती, ती म्हणजे शिकवणाऱ्या बायका तयार करण्याचा ध्यास.

जोतीराव फुले यांनी आपल्या मित्राबरोबर नगरला जाऊन या शाळा पाहिल्या. त्या पाहून आपल्याला मुलींच्या शाळेची प्रेरणा मिळाली, असे त्यांचे निवेदन सप्टेंबर 1853 मध्ये ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकात आले आहे. सावित्रीबाईंनी फॅरारबाईंच्या संस्थेत अध्यापनाचे शिक्षण घेतल्याचे त्यांचे चरित्रकार सांगतात. 1848 मध्ये पुण्याच्या भिडे वाड्यात फुल्यांची मुलींची शाळा निघाली. तिथे वर्गापुढे उभी राहणारी शिक्षिका शिकवण्याची विद्या शिकून आलेली होती. मुलींच्या शिक्षणाचा मराठी इतिहास सांगताना वाडा आठवतो, दगड-चिखलाचा मारा आठवतो, पण हे प्रशिक्षण बहुधा एका वाक्यात आटोपते. वास्तविक त्या सगळ्या धाडसाला आधार होता तो याचाच.

‘ज्ञानोदय’ही मूळचा नगरचाच. 1842 साली तो तिथे सुरू झाला, पुढे मुंबईला गेला. धर्मप्रसार हा त्याचा हेतू होताच, पण भूगोल, खगोल, प्राणिविद्या असे विषयही त्यात असत. वर्गात एकच पुस्तक असलेल्या मास्तराला दर अंकागणिक नवे काही हाती येणे ही त्या काळी मोठी गोष्ट होती.

एकोणिसावे शतक संपता संपता नगरला सर दिनशा माणेकजी पेटिट यांच्या नावाची उद्योगशाळा उभी होती. सुतारकाम, धातुकाम, गालिचे विणणे तिथे शिकवले जाई. विसाव्या शतकाच्या आरंभी मिशनमध्ये आलेले डी. सी. चर्चिल हे मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रशाळेत शिकलेले अभियंते. त्यांनी इथल्या विणकरांसाठी हातमागात सुधारणा करायला घेतल्या. नगर हे जुने विणकरांचे शहर. त्या शहरात यंत्र विणकराच्या हाताला जुळवून घेण्याचा हा प्रयत्न होता आणि हाताला जुळले तरच यंत्र टिकते, हे चर्चिल यांना पक्के ठाऊक होते.

त्याच सुमाराला, 1913 मध्ये, थॉमस एडिसन यांनी अमेरिकेत भाकीत केले की शाळेतली पुस्तके लवकरच कालबाह्य होतील, सगळे शिक्षण चित्रपटातून होईल. ते भाकीत खोटे ठरले, पण त्यामागची घाई गेली नाही. पुढच्या प्रत्येक यंत्राबरोबर ती नव्याने आली.

या इतिहासात सर्वांत लक्षपूर्वक वाचावे असे प्रकरण 1956 चे आहे आणि ते वर्गाबाहेरचे आहे. कॅनडात 1941 पासून शेतकऱ्यांची रेडिओ मंडळे चालत. एका घरी जमून कार्यक्रम ऐकायचा, त्यावर बोलायचे आणि काय करायचे ते ठरवायचे, असा तो परिपाठ. युनेस्कोच्या मदतीने आकाशवाणीने हाच प्रयोग मराठी मुलखात करायचे ठरवले. पुणे, नगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर हे पाच जिल्हे निवडले आणि सुमारे दीडशे गावांत मंडळे उभी केली. फेब्रुवारी ते एप्रिल या काळात आठवड्यातून दोनदा, अर्ध्या अर्ध्या तासाचे वीस कार्यक्रम पुणे केंद्रावरून प्रसारित झाले.

त्या काळात बहुतेक खेड्यांत वीज नव्हती. गावाचा म्हणून एक सार्वजनिक संच असे, तो बॅटरीवर चाले. संध्याकाळी वीसेक माणसे त्याच्याभोवती बसत. शेतीपासून आरोग्यापर्यंत एखादा विषय लागे. कार्यक्रम संपला की संच बंद करायचा आणि खरे काम सुरू व्हायचे. संयोजक एकेकाला बोलते करी: हे आपल्या रानात जमेल का, त्याला पैसा कुठून आणायचा, मागे कुणी करून पाहिले होते का? चर्चेचा वृत्तांत लिहून पुण्याला पाठवला जाई. मंडळांनी विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे पुढच्या कार्यक्रमात दिली जात. रेडिओ हे एकाच बाजूने बोलणारे यंत्र, पण इथे त्याला गावाचे ऐकावे लागत होते.

या प्रयोगाची तपासणी टाटा समाजविज्ञान संस्थेने केली. तिचे नेतृत्व पॉल न्यूराथ यांच्याकडे होते. त्यांनी मंडळे असलेली काही गावे घेतली आणि मंडळ नसलेली काही गावे घेतली. मंडळ नसलेल्यांपैकी निम्म्या गावांत रेडिओ होता, निम्म्यांत तोही नव्हता. कार्यक्रमांच्या आधी आणि नंतर लोकांना त्याच विषयांवरचे प्रश्न विचारले. मंडळाच्या गावांत लोकांच्या माहितीत ठळक वाढ दिसली. नुसता रेडिओ असलेल्या गावांत ती फार थोडी होती. तोच आवाज, तेच अर्ध्या तासाचे कार्यक्रम, तीच मराठी. फरक होता तो चर्चेला बसलेल्या माणसांचा आणि त्यांना बोलते करणाऱ्या संयोजकाचा. जे. सी. माथूर आणि न्यूराथ यांचा अहवाल युनेस्कोने 1959 मध्ये प्रसिद्ध केला आणि जगभरच्या ग्रामीण प्रसारणाच्या अभ्यासात त्याचा उल्लेख होत राहिला. ज्या जिल्ह्यांत हे सिद्ध झाले, त्यांच्या शाळांपर्यंत मात्र तो धडा पोचलाच नाही. पुढची प्रत्येक योजना पुन्हा यंत्राच्या खरेदीपासून सुरू झाली.

टीव्हीचे तसेच झाले. 1984 मध्ये पुण्यात ‘बालचित्रवाणी’ सुरू झाली आणि महाराष्ट्रातल्या मुलांसाठी मराठीत शैक्षणिक कार्यक्रम तयार होऊ लागले. त्यातले पुष्कळ आजही पाहावेत असे होते. पण प्रसारणाची वेळ दूरदर्शन ठरवी आणि शाळेचे वेळापत्रक शाळा ठरवी. दोन शिक्षकांच्या शाळेत चार इयत्ता, त्यात एकीचाच पाठ टीव्हीवर चालू असताना उरलेल्यांनी काय करायचे? कार्यक्रमाआधी काय सांगायचे आणि नंतर काय विचारायचे, याची तयारी शिक्षकाकडून करून घेणारी व्यवस्था उभी राहिली नाही. 2017 मध्ये ‘बालचित्रवाणी’ला कुलूप लागले. कार्यक्रम वाईट होते म्हणून ते लागलेले नाही, हे नोंदवून ठेवायला हवे.

संगणकाच्या पहिल्या लाटेबद्दल फार सांगण्यासारखे नाही. 2001 नंतर एमएस-सीआयटी या संगणक अभ्यासक्रमामुळे गावोगावची तरुण मुले आणि शिक्षक संगणकाला हात लावू लागले, हा तिचा खरा लाभ.

नगरच्या प्राथमिक शाळांत मोठी हालचाल झाली ती 2015 नंतर. जून 2015 मध्ये ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रम आला आणि प्रत्येक मूल शिकलेच पाहिजे, असे उद्दिष्ट शाळांपुढे ठेवले गेले. ठाणे जिल्ह्यात शहापूर तालुक्यातल्या पाष्टेपाड्याची जिल्हा परिषद शाळा डिजिटल झाल्याची बातमी त्याआधीच सगळीकडे पोचली होती. मग जिल्ह्याजिल्ह्यांत लोकवर्गणीची चढाओढ लागली. ग्रामसभेत विषय निघे, शाळा व्यवस्थापन समिती यादी करी, मुंबई-पुण्याला नोकरीला गेलेले माजी विद्यार्थी पैसे पाठवत. कुणी प्रोजेक्टर दिला, कुणी लॅपटॉप, कुणी इन्व्हर्टर. भिंती बोलक्या झाल्या, वर्गाला पडदे लागले. आपल्या गावची सरकारी शाळा टिकावी म्हणून शेतकऱ्यांनी खिशातून पैसे घातले, ही गोष्ट महाराष्ट्राने अभिमानाने सांगावी अशी आहे.

पण वर्षभरात दुसरे चित्र दिसू लागले. प्रोजेक्टरचा दिवा गेला की नवा आणायला तरतूद नसे. वीजबिल थकून शाळांची जोडणी तोडल्याच्या बातम्या राज्यभरातून येत राहिल्या. आणि जिथे सगळे चालू होते तिथेही मुले पडद्यावरच्या कविता तालासुरात म्हणत, पण त्याच कवितेतला शब्द फळ्यावर लिहायला सांगितला की अडत. पेनड्राइव्हमधला पाठ सगळ्यांसाठी एकाच वेगाने पुढे जातो. मागे राहिलेल्या मुलासाठी तो थांबत नाही, शिक्षकाने थांबवला तरच थांबतो.

जिथे शिक्षक तसा थांबवत होते तिथे गोष्टी वेगळ्या घडल्या. हातचा घेऊन वजाबाकी शिकवताना पडद्यावर दशकाची मोळी सुटते आणि तिच्या दहा काड्या होतात. शिक्षक तिथेच चित्र गोठवतो, मुलांच्या हातात खऱ्या काड्यांची मोळी देतो आणि रबर सोडायला सांगतो. मूल दहा मोजते, त्यातून सात काढते, मग पडद्यावरचे आणि आपले उत्तर ताडून पाहते. पडद्यावर पाच सेकंदांत संपणारी ही कृती वर्गात अर्धा तास चालते आणि तो अर्धा तासच पाठ असतो.

नगर जिल्ह्यात असा विचार करणारे शिक्षक आहेत, हे देशानेही पाहिले. कर्जत तालुक्यातल्या बंडगरवस्तीच्या जिल्हा परिषद शाळेतले विक्रम अडसूळ यांना 2018 मध्ये आणि गोपाळवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले नारायण मंगलारम यांना 2020 मध्ये राष्ट्रीय शिक्षक पुरस्कार मिळाला. दोन्ही ठिकाणे वाड्यावस्त्यांची. शेजारच्या सोलापूर जिल्ह्यात परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकाला क्यूआर कोड जोडले. डिसेंबर 2020 मध्ये त्यांना दहा लाख डॉलरचा ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला तेव्हा निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली. डिसले यांचे कोड म्हणजे चौकोनी ठिपके, पण त्यांच्यामागे कोणत्या धड्याला कोणते मूल अडते हे जाणणारा शिक्षक होता.

संशोधनही हेच दाखवते. बडोद्यात 2002 ते 2004 या काळात ‘प्रथम’ संस्थेबरोबर अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी एक प्रयोग केला. महापालिकेच्या शाळांत चौथीच्या मुलांना आठवड्याला दोन तास, एका संगणकावर दोघे, असे गणिताचे खेळ दिले. मूल जिथे आहे तिथून खेळ सुरू होई. गणितात चांगली वाढ दिसली. कार्यक्रम संपल्यावर वर्षभरात तिचा बराच भाग ओसरला, हेही त्यांनीच नोंदवले. अहमदाबादच्या ‘ज्ञानशाला’ वर्गांतला ली लिंडन यांचा अभ्यास याहून बोलका आहे. तेच सॉफ्टवेअर शिक्षकाच्या तासाऐवजी वापरले तेव्हा मुले मागे पडली, तासाला जोड म्हणून शाळेच्या वेळेबाहेर वापरले तेव्हा पुढे गेली. शाळांत संगणकांवर भरघोस खर्च करणाऱ्या देशांच्या निकालांत फारशी सुधारणा दिसली नाही, असे ओईसीडीच्या 2015 च्या अहवालानेही म्हटले.

मार्च 2020 मध्ये शाळा बंद झाल्या आणि पर्याय म्हणून उरला तो फक्त पडदा. एमकेसीएल नॉलेज फाउंडेशनची ‘टिलीमिली’ मालिका जुलैपासून सह्याद्री वाहिनीवर लागू लागली. ती आई-वडिलांना बरोबर घेऊन, घरातल्या वस्तूंतून शिकण्यासाठी रचलेली होती, म्हणून ती इतर पाठांपेक्षा सरस ठरली. व्हॉट्सअॅपवर स्वाध्याय येत. ‘असर’च्या सप्टेंबर 2020 च्या पाहणीत ग्रामीण भारतातल्या शाळकरी मुलांपैकी 61.8 टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन होता, दोन वर्षांपूर्वी हेच प्रमाण 36.5 टक्के होते. उरलेल्या मुलांच्या घरी तोही नव्हता, आणि जिथे होता तिथे तो वडिलांबरोबर दिवसभर कामावर जाई. अकोले तालुक्यात, कळसूबाई आणि हरिश्चंद्रगडाच्या कुशीतल्या पाड्यांवर फोन असून रेंज नव्हती. अशा भागांत शिक्षकांनी छापील कागद घेऊन वाड्या पालथ्या घातल्या आणि मुलांना झाडाखाली, देवळात लांब लांब बसवून शिकवले.

नगर जिल्ह्यातल्याच हिवरे बाजार या गावाने जून 2021 मध्ये, गाव कोरोनामुक्त झाल्यावर, आपली शाळा सुरू केली. राज्याचा निर्णय त्यानंतर आला. 7 जुलैच्या शासन निर्णयाने कोरोनामुक्त गावांत आठवी ते बारावीचे वर्ग 15 जुलैपासून भरवायला परवानगी मिळाली. ऑक्टोबरमध्ये ग्रामीण भागातली पाचवीपासूनची मुले शाळेत परतली. पहिली ते चौथीच्या वर्गांना 1 डिसेंबर 2021 पर्यंत थांबावे लागले. पडद्यावरून शिकणे ज्यांना सर्वांत अवघड, त्यांना सर्वांत जास्त काळ पडद्यावर सोपवले गेले. जून 2020 मध्ये पहिलीत नाव घातलेल्या मुलाने बाईंचा वर्ग पाहिला तो दुसरीत गेल्यावर, दुसरीचेही अर्धे वर्ष सरल्यावर.